मारिसोलला नाही कोण म्हणालं

नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. सिंगापूरला, बुकित तिमाह भागातल्या एका कॉन्डोत राहायचो आम्ही. मी बँकेत अकाउंट्सला, नवरा कायम फिरतीवर, आणि इरा — माझी मुलगी, सोळाची. खालच्या मजल्यावर पनामाचं एक कुटुंब होतं, त्यांची मारिसोल इराच्याच वर्गात. मी ढोलकी वाजवते. मामाकडून शिकले, इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीला माझ्याशिवाय पान हलायचं नाही. एकदा घरी ढोलकीचा सराव करत बसले होते, तर ही पोरगी दारातच खिळली. "थांबू नका ना!" म्हणाली, आणि त्याच ठेक्यावर गायला लागली. रेगेटॉन म्हणे — त्यांच्याकडचं, अर्धं गाणं आणि अर्धं भांडण. मला एक शब्द कळेल तर शपथ! पण बाई गं, काय आवाज होता.

मग ती रोज यायला लागली. पोहे खायची, ताटलीवर ताल धरायची. बाकी सगळ्या पोरांची मी आँटी. हिनं मात्र इराकडून 'मावशी' म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि तेच म्हणायला लागली. माझा फार जीव होता तिच्यावर. हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर तुमचा विश्वास बसणार नाही.

तिच्या बाबांना हे गाणं थिल्लर वाटायचं. ऐकायलाच तयार नसत. तिच्या मनानं घेतलं — मंडळाच्या गणपतीत गायले, देवाच्या कार्यक्रमात, तर बाबा येतील. आणि ते खरंच हो म्हणाले! मी लगेच नाडकर्णी काकांना विचारलं. कार्यक्रम तेच ठरवायचे. काका हसले. "गाऊ दे की! गणपती काय फक्त मराठीच ऐकतो?"

इथपर्यंत सगळं छान आहे, नाही का?

इराही गाणार होती. अभंग, वर्षभर घोटलेला. एका संध्याकाळी मी दोघींना घरी गाऊन दाखवायला सांगितलं. आधी इरा, मग मारिसोल. मारिसोलचं संपायच्या आत इराच टाळ्या वाजवत इथल्या पोरांच्या बोलीत ओरडली, "शी इज सो गुड लाह, आई!" तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या होतं. मंडळाच्या बायका घरी जाताना कुणाबद्दल बोलतील? वर्षभराची मेहनत, आणि माझ्या लेकीचं नावसुद्धा निघणार नाही? आपला तो बाब्या म्हणतात ना — तसलंच झालं माझं.

मग मी — कसं सांगू — काकांना फोन केला. म्हटलं, पोरगी बुजली, नाही म्हणतेय. आणि मारिसोलला सांगितलं की कमिटीनं नकार दिला. तेवढ्यावर थांबले असते तर... पण नाही. वर म्हणाले, "मी खूप भांडले गं तुझ्यासाठी." काय गरज होती? तिच्या नजरेत मला चांगलंही राहायचं होतं. दुसरं काय!

तिनं मला मिठी मारली. "माझ्यासाठी आजवर कुणीच भांडलं नव्हतं, मावशी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. प्रेमानंच फिरवत होते हो. खोटं बोलून वर प्रेम — हे एकाच माणसाला कसं जमतं?

इराचा अभंग चांगला झाला. पुढच्या वर्षी कंटाळा आला म्हणून तिनं गाणं सोडलं.

मारिसोल पनामाला परतली. इरा इंटरनेटवर तिची गाणी लावायची — आधी कुणाच्या तरी गॅरेजात रेकॉर्ड केलेली, मग रेडिओवरची, मग भल्यामोठ्या मैदानातली, हजारो पोरी तिच्याबरोबर गाताहेत अशी. मला कौतुकानं भरून यायचं. पण नाव होण्याआधीच तिचे बाबा वारले. तिला स्टेजवर गाताना त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझ्यामुळे.

दोन हजार नऊमध्ये ती सिंगापूरला गायला आली. मला निरोप — ढोलकी घेऊन ये. खचाखच भरलेल्या हॉलमध्ये तिनं मला हाताला धरून पुढे नेलं आणि माइकवर म्हणाली, "या शहरात मला एका स्टेजवर गाऊ दिलं नव्हतं. ही एकटी माझ्यासाठी भांडली." लोक उभे राहिले. मी वाजवलं. इतकं चांगलं मी जन्मात वाजवलं नव्हतं.

नाडकर्णी काकाही आले होते. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "मी तर हो म्हणालो होतो ना गं? की मीच नाही म्हणालो? हल्ली आठवत नाही मला."

तोंड उघडायची वेळ होती ती. मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे काका, जाऊ द्या."

त्यांनी नाही जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते तिच्या हॉटेलवर गेले. त्या वयात, सगळ्यांसमोर, हात जोडून म्हणाले, "चूक माझी होती, बेटा. माफ कर." मारिसोलचे डोळे भरले. तिनं त्यांचे जोडलेले हात हातात घेतले, माफ केलं म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसली.

मीही हसले.