कपाळावरची पट्टी

मी भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला भेटायचं, जुनी दुखणी विचारायची, हे रोजचंच काम. अकोल्यात तेव्हा मला फार वर्षं झाली नव्हती. माझं माहेर अमरावतीचं, त्यामुळे पेशंट वऱ्हाडीत बोलू लागले की मला शब्द न् शब्द कळतो.

ती बाई बार्शीटाकळीकडची. घरची थोडी जमीन, त्यात भाजी आणि शेवंती. पित्ताशयात खडे झाले होते आणि पोटदुखीने ती हैराण होती, तरी ऑपरेशन दोनदा पुढे ढकलून बसली होती. सोबत तिची मुलगी होती, अमरावतीला एका ऑफिसात नोकरी करणारी. आईची पिशवी, फाइल, पाण्याची बाटली, सगळं तिच्याच हातात.

"माय घाबरत नाई कोणाले," मुलगी म्हणाली. "पण भुलीचं नाव काढलं का उठून जाते. काहून ते सांगतही नाई."

मी काही विचारायच्या आत आईने तिला चहा आणायला पाठवलं. ती जिना उतरल्याची खात्री झाल्यावर माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी हासान. सगळेच हासले."

"नाही हसत. सांगा मावशी."

"हे पोट्टी झाली तवा पोट फाडून काढली. घाईघाईत भूल देल्ली. अन् मी जागी होती."

तिला सगळं ऐकू येत होतं. भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी 'लवकर, लवकर'. पोटात ओढल्यासारखं होत होतं, पण डोळा उघडेना, बोट हलेना, ओरडावं तर तोंडातून आवाज निघेना. मग बाळ रडलं. कोणीतरी म्हणालं, मुलगी आहे. त्यानंतर तिला काही आठवत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिने सांगितलं, तर नर्स म्हणाली स्वप्न पडलं असेल. सासू म्हणाली, बाळंतपणात असं डोकं फिरतं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

"मंग मीनंही सोडून देल्लं," ती म्हणाली. "पोरीले तं सांगतलंच नाई. तिच्या जन्माच्या गोष्टीत माह्यं दुखणं कायले घालू?"

मी तिचा हात धरला. "ते स्वप्न नव्हतं. असं होतं कधी कधी. बाळाला जपायला भूल हलकी ठेवावी लागते, त्यात क्वचित आई जागी राहते, पण अंग ढिलं पाडणाऱ्या औषधामुळे हलता-बोलता येत नाही. तुम्ही खरंच ऐकलं."

तिने पदराने डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिली. इतक्या वर्षांत कोणी तिला 'खरं आहे' म्हटलं नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा मेंदूवर लक्ष ठेवणारं यंत्र नुकतंच आलं होतं. मी तिला समजावलं: कपाळावर एक पट्टी चिकटवायची, ती मेंदूची हालचाल टिपते आणि पडद्यावर आकडा येतो. जागं असताना आकडा शंभराच्या आसपास, भूल नीट चढली की चाळीस ते साठ. वर जायला लागला की मी औषध वाढवते.

"माह्या मनातलं वाचते का ते?"

"नाही हो. झोप किती गाढ आहे तेवढंच सांगतं."

"अन् चुकलं तं?"

"चुकूही शकतं. म्हणून मी तुमच्या डोक्याशी बसते. नाडी, बीपी, सगळं बघते. सोडून कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी टेबलावर तिचं कपाळ पुसून मी पट्टी लावायला घेतली. तिच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं.

"हे निघन का?" तिने काळजीने विचारलं.

"गोंदण कुठे निघतं मावशी?"

ती हसली. हसता हसताच औषध चढलं. आकडा खाली उतरला आणि पन्नासच्या आत येऊन थांबला.

सर्जनने काम सुरू केलं. पोटात ओढाताण सुरू झाली आणि आकडा साठच्या पुढे सरकला. मी औषध वाढवलं आणि, का ते सांगता येणार नाही, तिच्या कानाशी वाकले. "मावशी, मी इथेच आहे. सगळं ठीक आहे. झोपा."

सर्जनने वर पाहिलं. आधी मी त्यांना सगळं सांगितलं होतं. नर्सशी चाललेल्या गप्पा त्यांनी थांबवल्या. उरलेलं ऑपरेशन सगळे हळू आवाजात बोलत होते. आकडा पुन्हा खाली आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "कवा करता?"

"झालं पण."

तिला पटेना. तिने पोटावर हात नेला, चिकटपट्ट्या चाचपल्या. "काईच नाई आठवत," ती म्हणाली. "बाई, काईच नाई!" आणि ती आनंदाने रडायला लागली.

संध्याकाळी वॉर्डात गेले, तर मुलगी आईच्या पायाशी बसून रडत होती. आईने स्वतःहूनच तिला सांगून टाकलं होतं.

"माह्याच्यानं झालं तुले असं," मुलगी म्हणत होती.

"येडी हायेस का?" आईने तिला जवळ ओढलं. "आयक. तुले हातात घेतलं दुसऱ्यांनं, पाह्यलं दुसऱ्यांनं. पण मी भेवानं मरून राहिली होती, अन् तुह्या रडण्यानंच मले समजलं का आपण दोघीबी जित्या हाओ. त्या आवाजाले धरूनच मी ऱ्हायली."

मुलीने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी तपासणी तशीच ठेवून बाहेर आले आणि आधी पलीकडच्या खोलीतला पेशंट बघितला.

तेव्हापासून भूल द्यायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, मागच्या ऑपरेशनच्या मधलं काही आठवतं का? बहुतेक जण नाही म्हणतात. एखादा गप्प होतो. मग मी खुर्ची ओढून बसते.