राखाडी स्वेटर

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी गार वारा. अंगणातला पाचोळा गोळा करून वाफ्यांवर पसरला. नळाचा वायसर बदलून घेतला. दुपारी वर जाऊबाईंकडे, जुनी लोकर उसवायला. गप्पा झाल्या, हसलो पुष्कळ.

त्या हसण्याचंच पुढे वाईट वाटत राहिलं.

थोरल्या जाऊबाई माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. सगळा जन्म त्यांनी इस्पितळाच्या चादरी सांभाळल्या. चादर फाटली की तिचे अभ्रे, अभ्रे विरले की फडकी, असा तिथला शिरस्ता, आणि तोच त्यांनी घरी आणला. भाज्यांची सालं कुंड्यांत जातात, भांडी विसळलेलं पाणी झाडांना. पानं गळायला लागली की खिडक्यांच्या फटींत चिंध्यांच्या वळकट्या बसतात आणि दारामागची जुन्या लोकरीची पिशवी खाली उतरते. आटलेले, भोकं पडलेले स्वेटर उसवायचे, लोकर धुवायची, लडीला वजन टांगून वाळवायची म्हणजे तिच्या वळ्या मोडतात, आणि मग नवं विणायचं. घरात कुणी नवा स्वेटर विकत आणल्याचं मला आठवत नाही. त्यांचा मुलगा म्हणतो, "आमच्याकडे कपडे मरत नाहीत, पुनर्जन्म घेतात."

यंदा त्या घरात सून होती. पार्सलच्या कचेरीत खिडकीवर बसते. उन्हाळ्यात लग्न झालं, तेही वडिलांच्या मनाविरुद्ध. वडील लग्नाला आले नाहीत, नंतर फोनही नाही. तिची ही या घरातली पहिलीच पानगळ, त्यामुळे दारामागची पिशवी कधी उतरते हे तिला ठाऊक नव्हतं. ते तिला सांगायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

त्या दुपारी पिशवीच्या तळातून एक राखाडी स्वेटर निघाला. एक बाही लांब, एक आखूड. गळा एका अंगाला कललेला. जाऊबाईंनी तो उजेडात धरला.

"हे कुणी विणलंय? डोळे मिटून?"

"पायांनी विणलं असेल," मी म्हणाले.

आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग त्यांनी गळ्याचा टाका शोधून धागा ओढला, मी समोर बसून गुंडाळत गेले. लोकर चांगली होती. "कुणीतरी चांगल्या लोकरीचं वाटोळं केलं होतं," असंही आम्ही म्हणालो.

संध्याकाळी सून घरी आली. पिशवी जागेवर नाही हे पाहून तिने विचारलं, "आई, यात एक राखाडी स्वेटर होता. बाबांसाठी विणलाय मी. जेवणाच्या सुट्टीत विणायचे, मोबाइलवर बघून. कुणाला दिसू नये म्हणून त्या पिशवीत ठेवला होता. आज बाबांचा फोन आला, रविवारी येतो म्हणालेत."

जाऊबाईंच्या मागे टोपलीत त्याच्याच लोकरीचे गुंडे होते. त्या म्हणाल्या, "असेल इथेच. बघते हं."

लगेच खाली माझ्याकडे आल्या. पायात चप्पल नव्हती.

"बघते म्हणाले मी तिला," त्या म्हणाल्या. "काय बघणार आहे मी आता?"

"आत्ताच्या आत्ता वर जा आणि सांगा."

"सांगते. पण हातात काहीतरी घेऊन सांगते. रविवारपर्यंत तस्साच विणून देते."

मी अडवायला हवं होतं. त्याऐवजी सुया शोधून दिल्या.

सून कामाला गेली की त्या माझ्याकडे यायच्या आणि खिडकीशी बसून विणायच्या. तस्साच म्हणजे चुकांसकट विणायचा होता आणि तेच त्यांना जमेना. मुद्दाम टाका गाळायच्या, दोन ओळी पुढे जायच्या, मग बोटं आपोआप मागे वळून तो उचलायची.

"काखेपाशी तिने काय केलं होतं गं? टाका सोडला होता की दोन एकत्र घेतले होते?"

"मी कुठे पाहिलं नीट? मी हसत होते."

त्यांनी आणखी एक टाका गाळला.

संध्याकाळी वर शोधाशोध चालायची. मला खाली कपाटांची दारं उघडल्याचे, पेट्या सरकवल्याचे आवाज यायचे. दोघी मिळून शोधत होत्या, आणि त्यातल्या एकीला ठाऊक होतं.

शनिवारी पुढचा भाग पूर्ण झाला. जाऊबाईंनी तो मांडीवर पसरला. एकसारखे टाके, सरळ कडा, दुकानात टांगावा असा. त्या त्याच्याकडे बघत बसल्या.

"हा तिचा नाही," त्या म्हणाल्या. "चल वर. तूही हसली होतीस."

सून ओट्यापाशी मटार सोलत होती. जाऊबाईंनी उभ्यानेच सांगितलं, काही न लपवता. उसवला मी, गुंडाळला हिने. आम्ही हसलो, तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती असं मला वाटलं, पण मी खाली बघत राहिले.

सुनेने हातातली शेंग सोलून संपवली.

"उसवला तो चुकून, आई. ते समजलं मला." तिचा आवाज चढला नव्हता. "पण काल तुम्ही माझ्यासोबत पलंगाखाली वाकून बघितलंत. गुडघा दुखतोय म्हणालात, तर मी म्हटलं राहू द्या. तरी वाकलात. ते कशासाठी?"

 जाऊबाईंनी विणलेला भाग पुढे केला. "पाठ नि बाह्या आज रात्रभर बसून करते. उद्या त्यांना देता येईल तुला."

तिने तो हातात घेतला, उलटा करून पाहिला. "फार सुरेख आहे. पण मला धड बटण लावता येत नाही हे बाबांना माहीत आहे. मी केलंय असं सांगितलं तर पहिल्याच भेटीत खोटं व्हायचं."

मग तिने सुई काढली आणि धागा ओढला. ओळीमागून ओळ सुटत गेली. लोकर जमिनीवर पडायला लागली तेव्हा जाऊबाई खाली बसल्या आणि लडी करायला धरतात तसे दोन्ही हात पुढे केले. सुनेने क्षणभर पाहिलं आणि धागा त्यांच्या हातांवर गुंडाळायला सुरुवात केली.  मी मटार सोलले.

रविवारी वडील आले. उंच, वाकलेले, बोलायला अवघडलेले गृहस्थ. चहा घेताना सून म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी एक स्वेटर विणला होता. उसवला गेला. पुन्हा विणते आहे."

"कसा उसवला?" त्यांनी विचारलं.

जाऊबाई कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. "माझ्या हातून," त्या म्हणाल्या. "जुना समजून."

ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, "तू विणलास? तू?" आणि त्यांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "होऊ दे सावकाश. माझ्याकडे आहे एक."

पुन्हा येण्याचं ते काही बोलले नाहीत. सून त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ वर आली नाही. जाऊबाई गॅलरीतून बघत होत्या. दोघं फाटकाशी पाचोळ्यात उभे होते, काय बोलत होते ते इतक्या वरून ऐकू येईना.

"हातात स्वेटर असता तर तो घालून बघायला तरी ते वर थांबले असते," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हणू शकले नाही. सून फाटकाकडून परतताना दिसली तशा त्या, तिला तोंड द्यायला नको म्हणून, माझ्याबरोबर खाली आल्या.

रविवार, १९ ऑक्टोबर. वारा पडला. जाऊबाई आमच्याकडे जेवल्या. भात कमी पडला, म्हणून पाव भाजला.