तीन बोटांचे मुटके

पारलिनने उगारलेला लाकडी दांडा बसायचा होता त्याच्या लेकीच्या, होत्माच्या डोक्यावर. तो बसला सोंदांगच्या उजव्या हातावर, कारण आईने हात मध्ये घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुक्या काटकीसारखं कडकन मोडलं. बारा वर्षांच्या होत्माचा गुन्हा एवढाच, की तिने डुकराचा दोर नीट बांधला नव्हता आणि डुकराने रताळ्याचे तीन वाफे उकरून टाकले होते. पारलिनने दांडा भिंतीला टेकवला, ताडीचा पेला उचलला आणि म्हणाला, "उद्या रानात जायचंय. सकाळी मुटके तयार पाहिजेत."

सोंदांगला मार नवा नव्हता. लुम्बान हारियारा या डोंगरगावात घरं नऊच, तीही खांबांवर उभी आणि अशी दाटीने बांधलेली, की एका घरात भांडं पडलं तर तिसऱ्या घरातलं मूल दचकावं. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुकी मासळी करपली म्हणून तिचा पुढचा दात गेला, तो आठ घरांनी ऐकला. तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांची पोटुशी असताना तिला घराच्या शिडीवरून खाली ढकललं. मुलगा मेलेलाच जन्मला, तेही आठ घरांनी ऐकलं. सकाळी बायका पाण्यावर भेटत आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारत. घरोघरी मातीच्या चुली, असं म्हटलं की कुणाला उठून जावं लागत नाही.

दोनदा ती पळून माहेरी गेली, आठ तासांची डोंगरवाट उतरून, होत्माला पाठीशी बांधून. इकडे बायकोचा भाऊ म्हणजे नवऱ्याला देवासमान, म्हणून तिला वाटलं होतं की हा देव पावेल. भावाने तिला तीन दिवस ठेवून घेतलं, न्यायला आलेल्या पारलिनसाठी डुक्कर कापलं आणि दोघांच्या खांद्यांवर मिळून एक शाल टाकली. माहेरची शाल खांद्यावर पडली की आशीर्वाद मिळाला, आणि आशीर्वाद मिळाला की मागचं सगळं माफ. दुसऱ्या वेळी ती शाल तिने घरी येऊन चुलीत घातली. त्याचाही मार खाल्ला.

पण दरवर्षी तिला काही दिवस सुखाचे मिळत, ते उदाच्या झाडांमुळे. रानातल्या त्या झाडांना खाच पाडून चीक काढायचा, तो वाळला की त्याचा ऊद. सारं गाव त्याच्यावर जगतं. आणि ते झाड म्हणजे माणसांनी छळलेली एक पोर, असं म्हातारे सांगतात. घरात तंटा करून आलेल्या माणसाला ते झाड थेंब देत नाही, आणि त्याच्याबरोबर आलेल्यांनाही देत नाही. त्यामुळे हंगामाआधीचे आठ दिवस पारलिनइतका गुणी नवरा पंचक्रोशीत नसे. लाकडं फोडी, पाणी आणी, एकदा तर त्याने सोंदांगचे पाय चेपले होते. चीक काढून परत आला की राहिलेल्या माराची बाकी फिटायची. या वर्षी मात्र ताडी जास्त झाली, डुक्कर सुटलं आणि शेवटच्या, आठव्या दिवशी त्याचा नेम मोडला.

सकाळी शेजारची पिंतोरची आई हळद आणि सालीची पट्टी घेऊन आली. मागच्या शिडीने आली, कुणी बघू नये म्हणून.

"अगं, हात आहे की दुधी? नुसता सुजलाय," ती म्हणाली. "दे ते पीठ, मी वळते मुटके. कोणाला कळतंय?"

"बायकोनं उजव्या हातानं वळायचे असतात."

"शास्त्र शिकवतेस मला? मग डाव्यानं दाब. ठसा तो ठसा."

"आई, मी वळते," होत्मा म्हणाली.

"तुझा हात यात घालायचा नाही," सोंदांग म्हणाली. एवढ्या जोरात ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती.

लाल तांदळाचं पीठ, ताडाचा गूळ, ओलं खोबरं. गोळा मुठीत धरून एकदाच आवळायचा, वर पाच बोटांचा ठसा उमटला पाहिजे. झाडासमोर प्रत्येक जण आपापल्या बायकोचे मुटके पानावर मांडतो. घर एका मुठीसारखं एक आहे, याची ती खूण. सोंदांगने उजव्या हाताने सात मुटके आवळले. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली, तिसऱ्याला तिने ओठ चावून रक्त काढलं. सातही मुटक्यांवर अंगठा आणि दोन बोटं उमटली, पुढे नुसतं गुळगुळीत पीठ. तिने ते केळीच्या पानात बांधले आणि पारलिनच्या हातात दिले. त्याने उघडून पाहिलं नाही. चौदा वर्षांत कधीच पाहिलं नव्हतं, आणि त्याच भरवशावर ती होती. रानातल्या माणसांनी त्याला आवरलं तर आवरलं. नाहीतर पुढचा दांडा होत्माच्या डोक्यातच बसणार होता.

रानात काय झालं ते तिला मागाहून कळलं. सहा जणांनी पहिल्या झाडापाशी आपापली पानं उघडली. बुर्जूचे आजोबा सगळ्यांत वडील, चाळीस वर्षं पहिली खाच तेच पाडत आलेले. ते वाकून एकेक पान बघत गेले आणि पारलिनच्या पानापाशी थांबले.

"पारलिन, तुझ्या बायकोला बोटं किती रे?"

"पाच. हे काय विचारणं झालं?"

"मग दोन कुठं ठेवून आलास?"

म्हाताऱ्याने खाच पाडायचं हत्यार खाली ठेवलं. आता तिने राग सोडून, पुन्हा मुटका वळून दिल्याशिवाय कोणीच खाच पाडायची नाही, असं त्यांनी सांगितलं. पाच कुटुंबांचा हंगाम अडला, आणि पाची जण पारलिनकडे डुक्कर कापायच्या आधी बघतात तसे बघू लागले. तो तिथून पळत सुटला.

दुपारी तो शिडी चढून आत आला. सोंदांगला केसांना धरून त्याने चुलीपाशी ओढलं, उरलेलं पीठ तिच्या मुठीत कोंबलं आणि तिच्या मोडक्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून दाबलं.

"उमटव. पाच उमटव. भर रानात माझं नाक कापतेस?"

सोंदांग ओरडली. होत्मा त्याच्या मनगटाला चावली, दात रुतेपर्यंत. त्याने तिला झटकलं, ती खांबावर आपटली आणि तिच्या कपाळातून रक्ताची धार लागली. ते रक्त बघून सोंदांगच्या मनातली भीती संपली. उरला तो नुसता राग, चौदा वर्षांचा. भात कांडायचं मुसळ तिच्या डाव्या हाताशी होतं. पहिला घाव त्याच्या खांद्याच्या हाडावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तो मागे कोलमडला आणि उघड्या दारातून शिडीवरून गडगडत खाली डुकरांच्या चिखलात गेला.

तेवढ्यात त्याच्या मागोमाग रानातले पाच जण पोचले. त्यांनी त्याला चिखलातच घेरलं. लाथांनी, दांड्यांनी, हाताला येईल त्याने मारलं. पिंतोरच्या बापाने त्याच्या तोंडावर पाय दिला, ज्या पिंतोरच्या बापाने चौदा वर्षं भिंतीपलीकडे कूस बदलून झोप काढली होती. बायकोच्या हाडांसाठी यातला एकही उठला नव्हता; उदासाठी मात्र सगळे उठले. सोंदांग वरून बघत होती. तिला बरं वाटलं, आणि त्यांची किळसही आली.

"पुरे," बुर्जूचे आजोबा म्हणाले. पारलिनचा जबडा वाकडा झाला होता, तो रक्त थुंकत होता. म्हातारा शिडीपाशी आला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "पोरी, झालं गेलं. त्याला शिक्षा मिळाली. आता राग गिळ आणि एक मुटका वळून दे. पाच घरांचा प्रश्न आहे."

"माझ्या पोरीचं कपाळ बघा, आजोबा."

"बघितलं. भरून येईल ते. हंगाम थांबत नाही."

"तो या घरात राहणार असेल तर मी मुटका देणार नाही. मला मारा हवं तर."

माणसांत कुजबुज झाली. आता हे दांडे तिच्याकडे वळतील असं तिला वाटलं, आणि तिने होत्माला मागे सारलं. तेव्हा शिडीखाली जमलेल्या गर्दीतून बुर्जूची आजी पुढे आली. सत्तर पावसाळे बघितलेली, पाठीत वाकलेली. सोंदांगच्या शिडीच्या पायरीवर सांडलेलं पीठ तिने उजव्या हातात घेतलं, आवळलं आणि नवऱ्यापुढे धरलं. त्यावर अंगठा होता आणि दोन बोटं.

"आठवतं का हो?" ती म्हणाली. "थोरला तेव्हा रांगत होता. पावशी मारलीत तुम्ही, दोन बोटं गेली. तेव्हापासून मी डाव्या हातानं वळते. चाळीस वर्षं झाली, तुमच्या झाडांनी एकदा तरी चीक अडवला का?"

इतक्या वर्षांत बुर्जूच्या आजोबांनी सगळ्यांच्या बायकांचे मुटके तपासले होते, घरचा हात मात्र ओळखला नव्हता. पिंतोरची आई पदराआड रडू लागली, आणि पिंतोरचा बाप हातातल्या दांड्याकडे बघत राहिला.

मग म्हातारा म्हणाला, "पारलिनला त्याच्या भावाकडे खालच्या वाडीत नेऊन टाका. इकडे फिरकला तर मी बघतो." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही.

सोंदांगने डाव्या हाताने एक मुटका वळून दिला आणि अडलेला हंगाम सुरू झाला. तिची बोटं वाकडीच जुळली. पुढच्या हंगामात पारलिनच्या झाडांना खाच पाडायला ती स्वतः गेली, होत्माला बरोबर घेऊन. बाईने हे कधी केलं नव्हतं, पण तिला अडवायला कोणी आलं नाही. ती हत्यार डाव्या हातात धरायची. मुटके होत्माने केले होते, आईला रानात भूक लागेल म्हणून. कपाळावरची खूण केसांनी झाकून होत्माने झाडापाशी मुटक्यांचं पान उघडलं. सोंदांगने एक मुटका उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवत मोजलं. बोटं पाच होती.