सासूबाईंनी आळीभर सांगितलं

मैत्रिणींनो, आज दुपारी सासूबाईंवर जाम चिडले होते. आता लिहिताना मात्र हसू येतंय.

दुसरं बाळंतपण मला इथेच, मांडवीला घरी करायचंय. हे जहाजावर आहेत. ओळखीच्या नर्सबाई येणार आहेत, पण त्या राहतात गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. थोरली तर दोन तासांत झाली होती! हे बाळ त्याहून घाईचं निघालं आणि बाईंना रिक्षाच मिळाली नाही तर? आठवडाभर जीवाला घोर लागलाय.

सकाळी हे सासूबाईंना बोलून दाखवलं. दुपारी बघते तर त्या घरोघरी सांगून आलेल्या, "आमच्या सुनेचे दिवस भरलेत." थोरलीच्या वेळी त्यांनीच कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बाळंतपणाचं जितक्या जास्त जणांना कळतं तितका बाळ यायला जास्त वेळ लागतो, असं त्या मानतात.

मी रागावले तर म्हणाल्या, "म्हणूनच सांगितलं गो. आता जरा सावकाश होईल."

संध्याकाळी शेजारचे रिक्षावाले हुसैनभाई दारात हजर. "भाभी, नर्सबाईंचं घर दाखवून ठेवा. आता मी लांबचं भाडं घेणार नाही. वेळ आली तर हॉस्पिटलातही मीच नेईन." समोरच्या काकूंनी थोरलीला सांभाळायचं परस्पर ठरवूनही टाकलं.

सासूबाईंचा उपाय लागू पडेल का, देव जाणे. माझी भीती मात्र निम्मी झाली.

तेव्हा तुम्हीही आपापल्या चार जणींना सांगाल ना? मला बाई पोचेपर्यंतचा वेळ हवाय.