बाहेरूनच उघडणारं दार

"मागचं डावं दार तेवढं सोड मिस्त्री, बाकी समदं नीट कर."

जळोचीच्या माझ्या शेडमध्ये गाडी लावली की त्यांचं पहिलं वाक्य हे. मग खिशातून रुमाल काढायचा, त्याच डाव्या दाराची मूठ पुसायची आणि स्टुलावर जाऊन बसायचं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझी हयात गेली. पण बिघाड जपून ठेवायला सांगणारं गिऱ्हाईक मला हे एकच भेटलं. मी त्यांना आबा म्हणायचो.

गाडी कसली, ते आधी सांगतो. तशी तुम्हीही पाहिली असणार. परदेशी बनावटीची, काळीभोर, उंच, आत कातडी सीटा. नवी असताना हिला बघून लोक रस्ता सोडतात आणि म्हातारी झाली की फुकट देतो म्हटलं तरी कुणी दारात उभी करून घेत नाही. इंजिनाबद्दल तक्रार नाही, ते हत्तीसारखं आहे. पण अंगभर वायरींचं जाळं आणि प्रत्येक सीटखाली एकेक इलेक्ट्रॉनिक पेटी. छताच्या काचेच्या कडेनं पाणी झिरपतं, गालिच्याखालून त्या पेटीत जातं आणि मग गाडीच्या अंगात येतं. रखरखीत उन्हात वायपर फिरायला लागतात. वळणावर हॉर्न आपोआप वाजतो. खाली गेलेली काच वर येत नाही. संध्याकाळी धडधाकट लावलेली गाडी सकाळी हूं की चूं करत नाही, कारण कुठली तरी पेटी रात्रभर जागी राहून बॅटरी पीत बसलेली असते. त्यात आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर बेघर होतात आणि अशा गाडीच्या बॉनेटखाली संसार मांडतात. वायरीवरचं आवरण त्यांना गोड लागतं म्हणे.

आबा कळस गावचे. याच गाडीवर ते ड्रायव्हर होते, ती नवी असल्यापासून. मालक रस्त्यांचे मोठे ठेकेदार, बंगला इंदापूरच्या बाजूला. नाव सांगत नाही. नाव घेऊन त्यांना मोठं करायची माझी इच्छा नाही.

मी त्या बंगल्यावर गाडी बघायला जायचो. काम झालं की चहा यायचा. सगळ्यांना कपबशी आणि मला कागदी कप. का, ते तुम्हाला सांगायला नको, आमचं आडनाव त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी आबांनी ते पाहिलं, हातातली कपबशी तशीच ट्रेमध्ये परत ठेवली आणि चहा आणणाऱ्या बाईला म्हणाले, मलाबी कागदीच दे. त्यानंतर त्या बंगल्यावर आम्ही दोघं कागदी कपातच चहा प्यालो. 

मालकांचं दार उघडायची आबांची एक ढब होती. गाडी थांबली की झपझप पुढून वळसा घालायचे, डावा हात पाठीशी न्यायचे आणि उजव्या हातानं मागचं डावं दार उघडायचे. मालक कधी स्वतः मुठीला हात लावत नसत. हात लावला असता तर कदाचित त्यांना दार उघडताही आलं नसतं, इतकी सवय मोडली होती.

एका लग्नात घात झाला. माळेगावकडच्या कुठल्याशा कार्यालयात मालक गेले होते. मांडवाच्या तोंडाशी गाडी थांबली, आबा वळसा घालून आले, मूठ ओढली आणि दार उघडेना. आतून नाही, बाहेरून नाही. दाराच्या लॉकची छोटी मोटर असते, ती अडकली होती. दार बंद, एसी बंद, बाहेर हार घेऊन उभी असलेली माणसं. शेवटी मालकांना कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी सीटवरून घसटत पलीकडच्या दारानं उतरावं लागलं, आणि पलीकडे आचाऱ्यांनी पाणी टाकून केलेला चिखल होता. कुणीतरी हसलं. मालकांनी मागं वळून आबांच्या थोबाडीत दिली.

"दार उघडाय येत न्हाय तर पोसलाय कशाला तुला?"

मोटर बिघडली गाडीची आणि गाल लाल झाला माणसाचा. ही थप्पड आबांनी एक वेळ गिळली असती. मालकाच्या हाताखाली राहणाऱ्या माणसाला बरंच काही गिळता येतं. पण हार घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसांत आबांचे व्याही होते. आबांची एकुलती एक लेक नुकतीच त्या घरात गेली होती, आणि लेकीच्या सासऱ्यादेखत बापानं थप्पड खाल्ली होती. आबांनी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालत एसटी स्टँड गाठलं. पुन्हा ते बंगल्याची पायरी चढले नाहीत. नंतर गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर चालवायचे, कारखान्यावर ऊस न्यायचे.

व्याह्यांनी तो विषय कधीच काढला नाही. आबांना तेच जास्त लागायचं. व्याही गोड बोलले की यांना वाटायचं, कीव करतायत. व्याह्यांनी ताटात आग्रहानं एक चपाती वाढली तरी त्यांना त्यात थप्पड दिसायची. लेकीकडे जाणं त्यांनी कमी केलं. मी एकदा म्हटलं, आबा, विसरून जा आता. त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूनं गाल चोळला. "घाई न्हाय मिस्त्री. पण इसरायचं बी न्हाय."

क्षमेसारखं मोठं काही नाही, असं आपल्याकडे सांगतात. ज्यांनी थप्पड खाल्लेली नसते ते सांगतात.

काही वर्षं गेली. मालकांनी नव्या गाड्या घेतल्या. ही जुनी चार हात फिरून एका दलालाकडे आली आणि त्यानं ती विकण्याजोगी करायला माझ्या शेडमध्ये आणून टाकली. महिने गेले, गिऱ्हाईक फिरकेना. एक दिवस ट्रॅक्टरच्या दिव्याचं काम घेऊन आबा आले आणि गाडी बघून जागच्या जागी थांबले. तिच्याभोवती एक फेरी मारली. मग मागं डाव्या बाजूला, मालकांच्या जागेवर जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं आतून काचेवर टकटक ऐकू आली. दार आतून उघडत नव्हतं. मधल्या कुणीतरी त्याच लॉकची अर्धीमुर्धी दुरुस्ती केली होती, त्यामुळे बाहेरून उघडायचं, आतून नाही. मी जाऊन मूठ ओढली. आबा आतच बसून हसत होते. त्या थपडेनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"म्हंजे आत बसणाऱ्याला भाईरच्यानंच उघडाय पायजे."

"व्हय आबा. पण मोटर बदलली की—"

"बदलायची न्हाय."

गाडी त्यांनी घेतली. अख्ख्या कळसनं त्यांना वेड्यात काढलं. म्हातारपणी हत्ती पाळलाय म्हणायचे. मी मात्र मनापासून कामाला लागलो. पेट्या वाळवल्या, गंजलेल्या अर्थिंगच्या जागा घासल्या, उंदरांनी कुरतडलेली वायर न वायर बदलली. खोटं कशाला बोलू, प्रत्येक वायर जोडताना मला तो कागदी कप दिसत होता.

मग मालकांच्या नातीचं लग्न निघालं. पत्रिका व्याह्यांना आली, आबांना अर्थातच नाही. आबांनी व्याह्यांना निरोप धाडला की गाडी आहे, बरोबरच जाऊ. मला म्हणाले, "गाडी तू चालवायची. तितं पोचलं की स्टिअरिंगवरचा हात काढायचा न्हाय. उतरायचं तर न्हायच."

भर उन्हात आम्ही निघालो. मी पुढे, मागं उजवीकडे व्याही आणि डावीकडे पांढरंशुभ्र धोतर नेसलेले, फेटा बांधलेले आबा. व्याही साधा माणूस, त्यांना वाटलं गाडीची हौस आहे. निम्म्या वाटेत समोरच्या पट्टीवरचे सगळे दिवे पेटले. पुढच्या वळणावर हॉर्न सुरू झाला आणि थांबेना, शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली. मी कडेला घेऊन हॉर्नचा फ्यूजच काढून टाकला. मग एसीनं मान टाकली. आबांच्या फेट्याखालून घाम गळत होता, पण त्यांनी काच खाली करू दिली नाही. खाली गेली आणि वर आली नाही तर सगळा थाट जायचा.

मांडवाच्या तोंडाशी मी गाडी नेऊन उभी केली. एवढी गाडी आली की यजमान धावतात, हे तुम्हाला माहीत आहे. आधी एक जावई लगबगीनं आला, पण त्याला हातानं मागं सारून मालक स्वतः पुढे आले. काळ्या काचांआड कोण बसलंय ते दिसत नव्हतं, कुणी मोठा पाहुणा असावा असं त्यांना वाटलं. ते हात जोडून उभे राहिले. आबा बसून राहिले. मी समोर बघत होतो, हात स्टिअरिंगवर. शेवटी मालकांनी वाकून मूठ ओढली आणि दार उघडलं.

मी आरशात बघत होतो. मालकांनी आबांना ओळखलं आणि ते चक्क खूश झाले. हे मी कधी विसरणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ना शरम होती ना राग. त्यांना ती थप्पड आठवतच नव्हती. जिच्यापायी एका माणसानं वर्षानुवर्षं लेकीच्या घरी पोटभर जेवण केलं नाही, ती गोष्ट मारणाऱ्यानं त्याच दिवशी पंगतीत हाताबरोबर धुऊन टाकली होती.

"आरं, तू व्हय? आन् ही अजून चालतीया?" त्यांनी दारावर थाप मारली. "बरं झालं आलास. पोरं नुसता घोळ घालत्यात हितं. पावण्यांच्या गाड्या तेवढ्या लावून घे जरा."

त्यांनी कुणाच्या तरी गाडीची किल्ली पुढे केली. आबांचा एक पाय खाली उतरला होता. त्यांचा हात किल्ली घ्यायला पुढे झाला, खरंच झाला, मी पाहिला. इतक्या वर्षांची सवय अंगातून जाते थोडीच? मग तो हात तसाच मागं गेला, आणि पायही आत गेला.

"गाड्या लावायला मी ड्रायव्हर ठिवलाय, मालक," आबा म्हणाले. "तुमी दार लावा."

आवाज चढलेला नव्हता, पण हार घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू गेला. मालकांनी दार ढकललं. जड दार, ते नीट बसलं नाही.

"जरा जोरानं," आबा म्हणाले.

मालकांनी दोन्ही हातांनी दार लावलं. मी गाडी काढली.

फाटा मागं पडल्यावर व्याह्यांनी घसा खाकरला. "पावणं, त्या दिशी मी बघितलं हुतं," ते म्हणाले. "तुमी लेकीचं बाप, म्हणून कुणाला बोललो न्हाय, घरातबी न्हाय. आजचं मातर सांगणार. समद्यास्नी सांगणार." आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्यात तोंड खुपसून रडले. मी रस्त्याकडे बघत गाडी हाकली. पुढं एका धाब्यावर व्याह्यांनी आग्रह करकरून भाकऱ्या वाढल्या आणि आबांनी त्या एकही नको न म्हणता खाल्ल्या.

व्याही शब्दाला जागले. कळसपासून माळेगावपर्यंत गोष्ट पोचली. आमच्याकडे अजून कुणी दार अर्धवट लावलं की दुसरा म्हणतो, जरा जोरानं. मालकांकडून मला निरोप आला की यापुढे बंगल्यावरचं काम तुला नाही. मी म्हटलं, बरं झालं, कागदी कप वाचला.

सूड उगवला की माणूस आतून रिकामा होतो, असं शहाणी माणसं सांगतात. मी शपथेवर सांगतो, हे खोटं आहे. आबा त्यानंतर भरपूर जेवले, गाढ झोपले, लेकीकडे महिना महिना राहिले. ट्रॅक्टर सोडला आणि ही गाडी स्वतः चालवायला लागले. मागं डावीकडे काकींना बसवायचे. काकी, म्हणजे त्यांची बायको, जन्मभर गाड्यांच्या धुळीतून पायी चालल्या होत्या. इंदापूरच्या बाजाराला जायचं असो की लेकीकडे, गाडी थांबली की आबा झपझप पुढून वळसा घालायचे, डावा हात पाठीशी न्यायचे आणि दार उघडायचे. लोक हसायचे. आबा म्हणायचे, तिला आतनं उघडत न्हाय. मी म्हणायचो, आबा, आता तरी मोटर बदलू, काम झालं तुमचं. तर ते मूठ पुसत म्हणायचे, "ते दार सोड मिस्त्री."

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

परवा त्यांची लेक गाडी घेऊन शेडवर आली. मागं काकी होत्या. लेकीच्या लक्षात नव्हतं, ती उतरून सरळ माझ्याशी बोलायला लागली. बऱ्याच वेळानं मला काचेवर टकटक ऐकू आली. मी धावत जाऊन दार उघडलं.

"ते दार आता आतनं उघडंल असं करून द्या," काकी म्हणाल्या. "पोरीला कामं असत्यात. तिनं किती येळा यायचं उघडाय?"

मी दाराचं आतलं आवरण काढलं, जुनी मोटर काढली, नवी बसवली. काकी स्टुलावर बसून बघत होत्या. काम झाल्यावर म्हटलं, बसून बघा. त्या आपल्या जागेवर बसल्या. मी दार लावलं आणि बाजूला झालो. आतून खट्ट आवाज आला. दार हलकेच बाहेर आलं आणि थांबलं.

काकी उतरल्या नाहीत. पदर नीट करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या समोर बॉनेटकडे बघत बसून राहिल्या.