पोराची जागा

शेवटचं आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलं ते एवढंच, जळगावला डाळमिलवर जाऊन आलो. पारोळ्याहून एसटी. खिडकी तिला, तिला मळमळायचं म्हणून.

पोरगा त्या मिलमध्ये पॉलिशच्या मशीनवर. शिवाय टेरिटोरियल आर्मीत. म्हणजे एरवी नोकरी करायची आणि फौजेनं बोलावलं की वर्दी चढवून जायचं. बोलावणं आलं, तो गेला सीमेवर, डोंगरात. परत येईपर्यंत त्याची जागा मिलनं राखायची, तसा कायदाच आहे. पोरानं मला समजावलं, मी तिला समजावलं. तिचं आपलं एकच, "कायदा काय मशीनजोडे बशी ऱ्हास का?" म्हणून मशीनजवळ कोण बसलंय ते मधून मधून स्वतः जाऊन बघायची.

त्या दिवशीही मुकादम हसला. "अक्का, परत उन्यात?"

"त्यानी जागा शे ना?"

"शे. कुठे जाई?" आहे म्हटल्यावरही तिचं समाधान नाही.

पोराच्या मशीनवर बदलीचा माणूस ठेवलेला, लेकराबाळांचा. भुवयांवर डाळीची पूड. ही सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी.

"तू कायम त नही ना?"

"नही अक्का. तुमना पोऱ्या उना का मी उठस."

"मन्हा तोंडकडे देखीसन बोल."

त्यानं मशीन बंद केलं, तिच्याकडे बघून पुन्हा सांगितलं. बाकीचे हसले. मला लाज वाटली. "चल आता, लोकांचं काम खोळंबलं," म्हणालो. फाटकाशी तिनं मागं वळून पाहिलं. मशीनकडे, माझ्याकडे नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. चप्पल काढायला उंबऱ्यावर बसली ती बसलीच. डॉक्टर आला तोवर संपलं होतं.

पोराशी बोलणं झालं ते त्याच्या साहेबांच्या फोनवरून. सुट्टी लगेच मिळाली, पण बर्फानं रस्ता बंद. "आबा, माझ्यासाठी थांबू नका," म्हणाला. फोन चालू होता. नुसता वाऱ्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला ठेवलं. मग भाऊबंद म्हणाले, पुतण्याला अग्नी देऊ दे. मी म्हणालो, ती जागा पोराची आहे. एक जण खेकसला, "आबा, मढं कितलं ठेवशी?" मी बाजूला सरलो. पुतण्यानं मडकं खांद्यावर घेतलं. चांगला पोरगा आहे, रडतही होता. मला मात्र त्याच्या पाठीकडे बघवेना. मिलमधल्या माणसाला कायदा उठवणार होता. ह्याला कोण उठवणार? फेरे झाले, मडकं फुटलं. मिलमधली जागा राहिली. ही चितेपाशची गेली.

संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. मी भिंतीला टेकून बसलेलो. आतून तिचा आवाज आला, त्यानी जागा शे ना? मी "शे" म्हणून गेलो. बायका बोलायच्या थांबल्या. अजूनही तो आवाज येतो. फाटकाशी वळलेलं तोंड दिसतं, पण पुरतं दिसत नाही. गालच दिसतो.

कापूस वेचणीचे दिवस होते, सगळ्यांना घाई. भाऊबंदांनी माझ्यासमोरच ठरवलं, अग्नी दिल्यापासून तिसऱ्या दिवसाची वाट बघायला नको, उद्या सकाळीच राख सावडून घेऊ, पुतण्याच्याच हातानं. मला कोणी विचारलं नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. काठी घेतली, घोंगडी घेतली, स्मशानात गेलो. राख अजून गरम होती. कुत्री आली होती, ती हाकलली. मग भाऊबंद आले, दूध आणि पाण्याची घागर घेऊन. पुतण्या पुढं होता.

"मागे फिर," म्हणालो. "पोऱ्या येई तवलग कोणी हात लावाना नही."

म्हातारं बिघडलं, असं कोणीतरी म्हणालं. मी राखेच्या कडेला घोंगडी टाकली आणि बसलो.