मुन्शीजींच्या देवडीतला मेजर

मुन्शीजी रस्त्याने चालायचे ते शेरवानीचा घेर दोन बोटांत उचलून धरून. रस्ता ओला असो की कोरडा, ती दोन बोटं घेरावरून हलायची नाहीत. बेगमपुऱ्यातून शाळेकडे येताना एखादी शेळी अंगावरून घासून गेली, तरी ते थांबायचे, वाकून कापड निरखायचे आणि कुठे डाग दिसलाच तर सरळ घरी परत. आमचे हेडमास्तर म्हणायचे, "मुन्शीजी घरातून वेळेवर निघतात. पोचणं मात्र शेळ्यांच्या हातात आहे."

असा एखादा स्वच्छतेचा वेडा तुमच्याही पाहण्यात असेल. पण अशा माणसाने म्हातारपणी वासराएवढं लाळगाळू कुत्रं घरात आणून ठेवलेलं तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती.

निजामाच्या राज्यातले दिवस ते. शाळेत ते फारसी शिकवायचे, मी गणित. मुन्शीजी हे नाव मात्र शाळेतलं नव्हे, छावणीतलं. गोऱ्या अंमलदारांना हिंदुस्तानीची परीक्षा द्यावी लागे, म्हणून संध्याकाळी ते छावणीत शिकवायला जात. साहेब पास झाला की बदलून जायचा, नवा साहेब यायचा आणि मुन्शीजी पुन्हा 'यह किताब है'पासून सुरुवात करायचे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. बहिणीचा मुलगा तेवढा हैदराबादला रेल्वेत होता.

त्यांचं एक पालुपद होतं, "उमर का लिहाज करो, मियाँ." हे केवळ माणसांपुरतं नव्हतं. वर्गातली खिळखिळी खुर्ची कुणी ओढली की म्हणायचे, लिहाज करो. टांगेवाल्याने घोड्यावर चाबूक उगारला की लिहाज करो. एकदा आमच्या आईने शिळी भाकरी गाईपुढे टाकली, तेव्हाही भिंतीपलीकडून हेच ऐकू आलं. ते भाकरीसाठी होतं की गाईसाठी, ते मात्र आम्हाला कळलं नाही.

तर शेवटच्या कॅप्टन साहेबाच्या बंगल्यावर हा कुत्रा होता. विलायती मास्टिफ. तोंडावर घड्याच घड्या, काळं थोबाड पांढरं पडलेलं, ओठाच्या दोन्ही बाजूंनी लाळेच्या तारा. त्याचं नाव मेजर. "कॅप्टनच्या पायाशी मेजर लोळतो, हा तमाशा छावणीतच बघायला मिळतो," असं मुन्शीजी सांगायचे. धडा चालू असताना मेजर टेबलाखाली झोपायचा आणि मुन्शीजी दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन, शेरवानी मांडीत गोळा करून, क्रियापदं चालवायचे. कुत्र्याची लाळ लागली की कपडा नापाक. तो धुतल्याशिवाय नमाज नाही.

साहेबाचा विलायतेला परत जायचा हुकूम आला. म्हातारा कुत्रा बोटीवर न्यायचा नाही, दुसऱ्याच्या दारात हाल व्हायला सोडायचा नाही, तबेल्यामागे नेऊन गोळी घालायची, असा त्या लोकांचा रिवाज होता. त्यांच्यात ती मायाच समजत. शेवटच्या धड्याला साहेबाने हे मुन्शीजींना सांगितलं, आणि हिंदुस्तानीत सांगितलं.

"जुमला एकदम दुरुस्त होता, मास्तर," मुन्शीजी मला नंतर म्हणाले. "'कल सुबह उसको गोली मार दी जाएगी.' एक गलती नाही. दोन साल मीच शिकवलेलं. मी शाबास बोलणार होतो. तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेलो."

"काय बोललात?"

"बोललो, मला द्या."

त्या संध्याकाळी छावणीतून बेगमपुऱ्यापर्यंतची त्यांची मिरवणूक लोकांनी बरीच वर्षं सांगितली. उजव्या हातात साखळी, डाव्या हाताच्या दोन बोटांत शेरवानीचा घेर. मेजर दर दहा पावलांवर बसायचा, आणि तो उठेपर्यंत मुन्शीजी बाजूला अदबीने उभे. आमच्या गल्लीत आले तेव्हा सगळी दारं उघडलेली.

"मुन्शीजी, हे काय आणलंत?" मी विचारलं.

"बुजुर्ग आहेत," ते म्हणाले. "यांना कुणी नाही."

कुत्र्याला ते 'आप' म्हणत. का, तर वयाने मोठे. मेजरला इंग्रजी हुकमांखेरीज काही कळत नसे, म्हणून मुन्शीजींनी त्यालाही हिंदुस्तानी शिकवायला घेतली. "उठिये." "बैठिये." "तशरीफ लाइये." आठवडाभरात मेजर या तिन्ही शब्दांवर हलू लागला. मुन्शीजी शाळेत सर्वांना सांगत सुटले की इतका हुशार शागीर्द त्यांना आजवर छावणीत मिळाला नव्हता.

खरी अडचण पुढेच होती. मेजरची जागा देवडीत, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीत. मुन्शीजी मशिदीत जायला निघाले की तो धडपडत उठायचा आणि प्रेमाने भलंमोठं तोंड त्यांच्या मांडीवर घासायचा. झालं. मुन्शीजी परत आत, आंघोळ, कपडे पिळणं, दुसरा जोड, नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची वजू पुन्हा. पुन्हा देवडी, पुन्हा मेजर. पाच वेळची नमाज आणि जवळ कपड्यांचे जोड चार. भिंतीपलीकडे दिवसभर पाणी ओतल्याचा आवाज.

आमची आई देवगाव रंगारीची. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत तिचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. धुणं ऐकून ऐकून तिला राहवेना. एके दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"मुन्शीजी, एवढं पाणी कशाला हो सांडता?"

मुन्शीजींनी खाली मान घालून सगळी हकीकत सांगितली. आईने ती अगदी वैद्यासारखी ऐकून घेतली.

"तुम्हाला वलणी नाही ना घरात?"

"काय चीज आहे ती, बाईसाहेब?"

"वर छताजवळ आडवी काठी टांगायची. धुतलेलं कापड दुसऱ्या काठीनं तिच्यावर टाकायचं, काठीनंच काढायचं. खाली कुणी का लोळंना, वर विटाळ नाही. कुत्र्याचे कपडे खाली खुंटीला, देवाचे वर. निघायच्या वेळी दाराशीच बदलायचे आणि लगेच बाहेर पडायचं. मी चाळीस वर्षं करते आहे, त्यात काय लई मोठं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या देवडीत बांबू टांगून दिला. आई उंबऱ्याबाहेर उभी राहून काठीने कापड कसं उचलायचं ते हातवारे करून दाखवत होती. मुन्शीजींना ते पटकन जमलं. त्यानंतर ते घेर न उचलता मेजरजवळ बसू लागले, कारण अंगावर खुंटीचे कपडे असत. त्या कपड्यांत मुन्शीजी निराळेच दिसायचे. मांडीवर ते धूड डोकं, लाळेची तार गुडघ्यावरून खाली, आणि हा माणूस त्याला फारसी कवितेचे बैत ऐकवतो आहे.

मशिदीत कुजबुज झाली. पेशइमाम समजूतदार होते. त्यांनी सांगितलं, रखवालीसाठी कुत्रा असेल तर हरकत नाही. मुन्शीजींनी लगेच कबूल केलं, रखवालीसाठीच आहे. घरात राखण्यासारखी वस्तू म्हणजे एक फडताळभर किताबं. त्याच आठवड्यात शेजारची शेळी देवडीत शिरली आणि तिने मेजरच्या नाकासमोर अर्धा फारसी शब्दकोश खाल्ला. मेजरने एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. मी हसलो, तर मुन्शीजी गंभीरपणे म्हणाले, "शेळीला चोर कोण म्हणतं? ते आदमी ओळखतात, मास्तर."

पुढल्या वर्षी मुन्शीजींची नजर उतरू लागली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. फळ्यावरच्या ओळी एकमेकींवर चढायच्या. भाचा हैदराबादहून येऊन विनवून गेला. तिथे मोठा दवाखाना, चांगला डॉक्टर, आत्ता काढला तर नजर येईल, उशीर केला तर जाईल. मुन्शीजी ऐकेनात.

"यांना कोण बघेल?" एवढंच उत्तर.

मेजरचे मागचे पाय आता गेले होते. पोटाखालून धोतराची झोळी घालून त्याला उचलावं लागे, मग तो पुढच्या पायांवर चालल्यासारखं करी. हे काम मुन्शीजी दुसऱ्या कुणाला करू देत नसत. भाचा चिडून म्हणाला, "मामू, कुत्र्यासाठी आंधळे होणार का?" मुन्शीजी म्हणाले, "देखेंगे." बघायलाच जमत नसलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला त्या वेळी हसू आलं होतं.

मग एका सकाळी मेजरची किंकाळी ऐकू आली. त्याला ओरडलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मी आणि आई धावत गेलो. मुन्शीजी देवडीत खाली बसले होते आणि मेजरचा पुढचा पंजा त्यांच्या दोन्ही हातांत होता.

"मला दिसले नाहीत," ते म्हणाले. "पाय दिला मी त्यांच्यावर. चांगले दोनच पाय होते, मास्तर, त्यातला एक."

पाय मोडला नव्हता, मुकामारच होता. पण मुन्शीजींचा चेहरा उतरला तो उतरलाच. जरा वेळाने आई उंबऱ्यातून म्हणाली, "तुम्ही हैदराबादला जा. मी बघते याचं."

"आप? बाईसाहेब, तुमचं सोवळं..."

"माझं सोवळं माझ्या वलणीवर राहील. तुम्ही डोळे घेऊन या."

तर मुन्शीजी हैदराबादला गेले आणि मेजर आमच्या पडवीत आला. उचलायचं काम माझं, खाऊ घालायचं आईचं. ती लांबून ताटली सरकवायची आणि म्हणायची, "खा रे बाबा." मेजर तोंड फिरवायचा. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी आईने इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि शाळकरी पोरीसारखी चाचरत म्हणाली, "उठिये. तशरीफ लाइये." मेजरने मान उचलली. मग रोज आमच्या घरी दूधभाकरीच्या वेळी ही दरबारी भाषा चालू लागली. आईच्या तोंडचे तिन्ही उच्चार मुन्शीजींनी ऐकले असते तर तिला नापास केलं असतं, पण मेजरची तक्रार नव्हती.

तिकडे मुन्शीजींच्या डोळ्यांवरची पट्टी अजून सुटायची होती, तेवढ्यात एका दुपारी मेजर गेला. दूधभाकरी खाऊन उन्हात झोपला होता. मी शाळेतून आलो तर आई त्याच्याजवळ खाली बसलेली, सोवळं नेसलेली, आणि तिचा हात त्याच्या डोक्यावर. ती उठली, आंघोळीला गेली, आणि मी एका गाडीवाल्याला बोलावून मेजरला खाम नदीच्या काठी नेऊन पुरलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त काळजी वाटली. आता मुन्शीजींना सांगायचं कसं?

चारच दिवसांत भाचा रेल्वेच्या कामाने औरंगाबादला आला. डोळे उत्तम झाले म्हणाला. मात्र डॉक्टरांनी महिनाभर पथ्य सांगितलं होतं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. आसू आले, डोळा चोळला गेला, टाका सुटला, की सगळं फुकट.

"मामू रोज एकच विचारतात," तो म्हणाला. "खातात का?"

मी आईकडे पाहिलं. जन्मात खोटं न बोललेली बाई. ती शांतपणे म्हणाली, "खातोय म्हणावं. बरं आहे म्हणावं." मग भाच्याला पडवीतला मेजरचा रिकामा गोणपाट दाखवला, आणि तो समजला. महिना उलटेपर्यंत मुन्शीजींना तिकडेच ठेवायचं असं ठरलं.

पण मुन्शीजी राहणारे नव्हते. पंधरवडा झाला नाही तोच स्टेशनवरून टांगा आला. दोन्ही डोळ्यांवर ऊन लागू नये म्हणून दवाखान्यातलं हिरव्या कापडाचं छप्पर, एका बाजूला दंड धरून भाचा. उतरले ते स्वतःच्या घराकडे वळलेच नाहीत. सरळ आमच्या पडवीशी आले, हिरवं छप्पर बोटाने वर केलं आणि पाहिलं. गोणपाट धुऊन दांडीवर वाळत घातला होता. आमच्या आईच्या हातचं धुणं, गोणपाट इतका स्वच्छ निघाला होता की शंकेला जागाच नव्हती.

आईने मला पढवून ठेवलं होतं, की गंगापूरला माझ्या मित्राच्या मळ्यावर ठेवलाय असं सांग. मी तोंड उघडलं. मुन्शीजींनी हात वर करून मला थांबवलं आणि आईकडे वळले.

"तकलीफ झाली का, बाईसाहेब?"

"नाही हो," आई म्हणाली. "जेवले, उन्हात झोपले, उठले नाहीत. मी होते जवळ."

मुन्शीजींनी मान हलवली. आईने पदर तोंडाला लावला आणि ती आमच्या देखत रडली.

"मला मना आहे," मुन्शीजी हळूच म्हणाले. "डॉक्टर साहेबांची सख्त ताकीद आहे."

असं म्हणून त्यांनी हात पाठीमागे बांधले, मान मागे टाकली आणि तोंड सरळ आभाळाकडे केलं. हात डोळ्यांना लागू नये म्हणून ते स्वतःच स्वतःची मनगटं घट्ट धरून उभे होते. टांगेवाला खोळंबला होता, ऊन वाढत होतं. भाचा दंडाला हात लावून म्हणाला, "मामू, आत चला."

"ठहरो," मुन्शीजी मान तशीच ठेवून म्हणाले. "जरा सुकू दे."